अपडेटनंतर वायफाय गेलं, पण कार्ड जागेवर आहे

प्रश्न थोडक्यात असा. परळला राहणारा, इंजिनिअरिंगच्या शेवटच्या वर्षाचा विद्यार्थी. पहिल्या वर्षाला असताना कॉलेजातल्या सीनियरने लॅपटॉपवर उबुंटू २२.०४ (लिनक्सचं एक रूप, विंडोजच्या जागी चालणारं) टाकून दिलं. वायफाय सारखं तुटायचं म्हणून त्यानेच गिटहब या साइटवरून वेगळा ड्रायव्हर, म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर, बसवला. त्यानंतर अपडेटला कधी हात लावला नाही. परवा एकदाच सगळं अपडेट केलं, मशीन रीस्टार्ट केलं आणि वायफायचं चिन्हच गायब. लॅमिंग्टन रोडवर एका दुकानात दाखवलं, तर मागचं झाकण उघडून पाहून "कार्ड गेलंय, बाराशे लागतील" असं उत्तर मिळालं. "दादा, नवीन कार्ड घेऊ की सरळ विंडोज टाकू? ब्लूटूथचा हेडफोन मात्र चालतोय." सोबत तीन-चार कमांडचं आउटपुट जोडलेलं आहे.

दोन्ही करू नकोस. बाराशे रुपये खिशातच ठेव.

ब्लूटूथचं वाक्य तू जाता जाता लिहिलंस, पण मला सगळ्यात जास्त उपयोग त्याचाच झाला. तुझ्या लॅपटॉपमधलं आरटीएल८८२१सीई हे जोडकार्ड आहे. एकाच चिपमध्ये वायफाय आणि ब्लूटूथ दोन्ही, पण मदरबोर्डशी बोलायचे रस्ते वेगळे: वायफाय पीसीआय एक्स्प्रेसवरून, ब्लूटूथ यूएसबीवरून. चिप जळली असती तर हेडफोनही मुका झाला असता. एवढ्यावरून शंभर टक्के खात्री देता येत नाही, वायफायचा अर्धा भाग एकटा मरू शकतो. पण त्याचीही शंका तुझ्याच आउटपुटने फेडली आहे. सांगतो.

त्याआधी दोन मिनिटांची एक परीक्षा. मशीन चालू होताना एस्केप दाब (जुन्या बायोसच्या मशीनवर शिफ्ट दाबून धरायचं), ग्रबचा मेनू येईल, म्हणजे काय चालू करायचं ते विचारणारी यादी. त्यात "ॲडव्हान्स्ड ऑप्शन्स फॉर उबुंटू" मध्ये जा. तिथे नव्या ६.८ कर्नेलच्या (कर्नेल म्हणजे लिनक्सचा गाभा) खाली तुझं जुनं ५.१५ अजून असेल, कारण उबुंटू नवं कर्नेल टाकताना आधीचं ठेवून देतं. त्यावर बूट कर. वायफाय आलं तर हार्डवेअरचा विषय तिथेच संपला. मात्र तोवर "ऑटोरिमूव्ह" ची कमांड चालवू नकोस. जागा मोकळी करायच्या नादात जुनं कर्नेल पुसून टाकणारे आणि मग परतीचा रस्ता शोधणारे मी बरेच पाहिलेत, आणि त्यांत एकदा मीही होतो.

आता तुझं आउटपुट. (कमांड मी तोंडाने म्हणतो तशा देवनागरीत लिहितोय. टर्मिनलमध्ये अर्थातच रोमन अक्षरं.) पहिली कमांड तू बरोबर दिलीस:

एलएसपीसीआय -एनएनके

आणि त्यात वायफायबद्दल एवढंच आलं:

नेटवर्क कंट्रोलर [०२८०]: रिअलटेक आरटीएल८८२१सीई [१०ईसी:सी८२१]
कर्नेल मॉड्यूल्स: आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई

पहिली ओळ सांगते की कार्ड पीसीआयच्या रस्त्यावर हजर आहे आणि आपलं नाव-गाव नीट सांगतंय. मेलेलं कार्ड या यादीत सहसा येतच नाही. चौकटी कंसातला १०ईसी:सी८२१ हा त्याचा खरा ओळख क्रमांक. पहिला भाग बनवणाऱ्याचा, दुसरा चिपचा. लॅपटॉपच्या खोक्यावर किंवा स्टिकरवर काहीही छापलेलं असो, शोधाशोध करायची ती या क्रमांकाने. एकाच मॉडेलच्या दोन लॅपटॉपमध्ये वेगवेगळी कार्डं सापडणं अगदी नेहमीचं आहे.

दुसरी ओळ सांगते की ही चिप चालवू शकणारं मॉड्यूल, म्हणजे ड्रायव्हर, तुझ्या कर्नेलकडे आहे. आणि तिसरी ओळ? ती नाहीच, सगळी गंमत तिथेच आहे. धडधाकट मशीनवर या दोन ओळींच्या मध्ये "कर्नेल ड्रायव्हर इन यूज" अशी एक ओळ असते. तुझ्याकडे ती नाही. म्हणजे कार्ड आहे, त्याला चालवणारा ड्रायव्हरही घरात आहे, पण तो कामावर आलेला नाही. त्याला कोणीतरी अडवलंय.

कोणी, ते तुझ्या दुसऱ्या आउटपुटमध्ये आहे. "डीकेएमएस स्टेटस" (डीकेएमएस म्हणजे वेगळे बसवलेले ड्रायव्हर सांभाळणारं साधन, त्याबद्दल पुढे) दिल्यावर आरटीएल८८२१सीई च्या पुढे ५.१५ साठी "इन्स्टॉल्ड" दिसतंय आणि ६.८ चा पत्ता नाही.

ही भानगड नीट समजून घे, म्हणजे पुढच्या वेळी कोणाला विचारावं लागणार नाही. लिनक्सचे ड्रायव्हर दोन घरांत राहतात. बहुतेक कर्नेलच्या आतच असतात: त्याच सोर्समध्ये (मूळ कोडमध्ये), कर्नेलबरोबर बांधलेले, त्याच्याबरोबर येणारे. काही बाहेर असतात, म्हणजे कंपनीने किंवा कुणा हौशी माणसाने वेगळे ठेवलेले. बाहेरच्यांची अडचण अशी की कर्नेलच्या पोटातल्या फंक्शनांची नावं, त्यांना द्यायच्या गोष्टी, स्ट्रक्चरची रचना, यातलं काहीही कायम राहील असं लिनक्स वचन देत नाही. हा आळस नाही, ठरवून घेतलेलं धोरण आहे आणि कर्नेलच्या दस्तऐवजात ते स्पष्ट लिहिलेलं आहे. आतली एखादी गोष्ट बदलायची झाली की बदलणाराच कर्नेलमधले सगळे ड्रायव्हर त्याबरोबर दुरुस्त करतो. बाहेरच्याला कोणी निरोपही पाठवत नाही.

उदाहरण देतो. ५.१७ मध्ये नेटवर्क कार्डाचा मॅक पत्ता (कार्डाचा ओळखपत्ता) थेट लिहायला बंदी आली, तो ठरलेल्या फंक्शनमधूनच बदलायचा. पत्ता थेट लिहिणारे बाहेरचे ड्रायव्हर त्या दिवसापासून कंपाइल होईनात, म्हणजे सोर्सवरून बांधलेच जाईनात. पुढे ६.० च्या सुमारास वायफाय ७ ची तयारी म्हणून वायफायच्या अनेक फंक्शनांना एक जास्तीचा आकडा द्यावा लागू लागला, पुन्हा तीच रड. ६.१२ मध्ये एक हेडर फाइल एका फोल्डरमधून दुसऱ्यात हलली. बदल ओळभराचाच, पण जुन्या सोर्सला अडकवायला पुरेसा. आणि तू तर ५.१५ वरून थेट ६.८ वर उडी मारलीस.

डीकेएमएस हे यावरचं मलम. डेल कंपनीच्या लिनक्स टीमने २००३ च्या सुमारास ते बनवलं. ड्रायव्हरचा सोर्स ते जपून ठेवतं आणि प्रत्येक नव्या कर्नेलसाठी आपणहून पुन्हा बांधतं. पण बांधण्याचा प्रयत्न करणं एवढंच त्याच्या हातात आहे. सोर्स जुना असला तर तेही हात टेकतं, आणि अपडेटच्या पळत्या ओळींत त्याची तक्रार कोणी वाचत नाही. ती कायमची पडलेली असते ती मेक.लॉग नावाच्या फाइलमध्ये, /व्हार/लिब/डीकेएमएस च्या खाली ड्रायव्हरच्या फोल्डरात. तू तिचा शेवट चिकटवलायस, शाब्बास. त्यात लिहिलंय की जीसीसी-१२ (कंपायलर, म्हणजे सोर्सवरून ड्रायव्हर बांधणारा प्रोग्राम) सापडला नाही. हे २२.०४ च्या मंडळींचं खास दुखणं. वितरणाबरोबरचा, म्हणजे उबुंटू २२.०४ बरोबर येणारा, कंपायलर ११, पण ६.५ पासूनची नवी कर्नेलं १२ ने बांधलेली, त्यामुळे डीकेएमएसलाही १२ च हवा असतो. कुणी सांगेल जीसीसी-१२ टाक, काम होईल. कदाचित होईलही. पण तुझा सोर्स ५.१५ च्या काळातला असेल तर कंपायलर मिळाल्यावर तो वरच्या बदलांवर अडखळेल. त्या वाटेला जायचंच नाही.

कारण तुला त्या ड्रायव्हरची आता गरजच नाही. या चिपचा ड्रायव्हर ५.९ पासून कर्नेलच्या आत आहे, आरटीडब्ल्यू८८ या कुटुंबात. तुझ्या सीनियरने तेव्हा चूक केली असं मी म्हणणार नाही. सुरुवातीच्या काळात आतला ड्रायव्हर कच्चा होता, कनेक्शन तुटायचं, आणि बाहेरचा बरा चालायचा. मीही तेव्हा तोच बसवायचो. फक्त एकाच कार्डावर दोन ड्रायव्हर भांडू नयेत म्हणून बाहेरचा बसवताना आतल्याला ब्लॅकलिस्ट करावं लागायचं, आणि ती एका ओळीची फाइल आजही तुझ्या मशीनवर बसून आहे. बाहेरचा नव्या कर्नेलवर बांधला गेला नाही, आतल्याला दाराशी अडवलेलं आहे. म्हणून तिसरी ओळ गायब.

शोध असा घे:

ग्रेप -आर ८८२१ /ईटीसी/मॉडप्रोब.डी

"ब्लॅकलिस्ट आरटीडब्ल्यू८८_८८२१सीई" अशी ओळ कुठल्या फाइलमध्ये आहे ते दिसेल. कधी ती फाइल ड्रायव्हरच्याच नावाची असते, कधी ब्लॅकलिस्ट.कॉन्फच्या तळाशी हाताने लिहिलेली. नाव काहीही असो. फाइल फक्त त्याच कामाची असेल तर उडव, नाहीतर तेवढ्या ओळीच्या सुरुवातीला हॅश टाक. मग बाहेरचा ड्रायव्हर काढ:

सुडो डीकेएमएस रिमूव्ह आरटीएल८८२१सीई/<आवृत्ती> --ऑल

आवृत्तीच्या जागी डीकेएमएस स्टेटसमध्ये दिसते ती अक्षरशः तशीच, टिंबांसकट. मग

सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू

ही विसरू नकोस. ब्लॅकलिस्टची एक प्रत बूटच्या सुरुवातीला उघडणाऱ्या इनिटरॅमएफएसमध्येही गेलेली असू शकते. रीस्टार्ट कर आणि पुन्हा पहिली कमांड दे. "इन यूज" ची ओळ आली असेल आणि वरच्या कोपऱ्यात चाळीतल्या निम्म्या घरांची नेटवर्कं दिसत असतील.

यासाठी इंटरनेट लागत नाही, पण मध्ये काही उतरवावं लागलंच तर अँड्रॉइड फोन यूएसबी केबलने जोड आणि फोनच्या सेटिंगमधून यूएसबी टेदरिंग चालू कर. उबुंटूला तो साध्या वायर्ड कार्डासारखा दिसतो, ड्रायव्हर वगैरे काही लागत नाही. फोन घरच्या वायफायवर असेल तर तेच नेट केबलमधून लॅपटॉपला मिळतं, मोबाइल डेटा खर्च होत नाही. वायफायच्या शोधात अडकलेल्या प्रत्येकाला मी हे आधी सांगतो, आणि प्रत्येक वेळी समोरचा म्हणतो, हे माहीतच नव्हतं.

ओळ आली पण नेटवर्क दिसत नाही, असंही होतं. तेव्हा डीमेसेजमध्ये (कर्नेलचे संदेश दाखवणारी कमांड) आरटीडब्ल्यू शोध. "फर्मवेअर... फेल्ड विथ एरर -२" असं काही दिसलं तर ड्रायव्हर ठीक आहे, फर्मवेअरची फाइल नाही. ड्रायव्हर तुझ्या प्रोसेसरवर चालतो, फर्मवेअर कार्डातल्या छोट्या प्रोसेसरवर. बूट होताना ड्रायव्हर ती फाइल उचलून कार्डात भरतो. उणे दोन म्हणजे "अशी फाइलच नाही". ती येते लिनक्स-फर्मवेअर या पॅकेजमधून, ते अपडेट केलं की बहुतेक वेळा भागतं. हा त्रास जास्त होतो तो नव्याकोऱ्या लॅपटॉपवर जुनं वितरण टाकून कर्नेल तेवढं वरचं बसवणाऱ्यांना. डेबियन हे दुसरं लिनक्स वितरण वापरणाऱ्यांना आणखी एक इतिहास आहे: फर्मवेअर मुक्त सॉफ्टवेअर नसल्यामुळे अधिकृत इन्स्टॉलरमध्ये ते नसायचं. २०२२ मध्ये मतदान झालं आणि २०२३ च्या डेबियन १२ पासून ते आत आलं. त्याआधी पेनड्राइव्हवर फर्मवेअर वेगळं घेऊन फिरणं हा आमचा नित्यनेम होता. जाता जाता, उबुंटू २४.०४ मध्ये या फाइलींच्या शेवटी झेडएसटी दिसतं. त्या दाबून ठेवलेल्या असतात, कर्नेल स्वतः उघडतं. त्यांची नावं बदलत बसू नकोस.

आरएफकिल लिस्ट (वायफाय-ब्लूटूथ कुणी बंद केलंय का ते दाखवणारी कमांड) हीही एकदा बघ. "सॉफ्ट ब्लॉक्ड: येस" असेल तर आरएफकिल अनब्लॉक वायफाय. "हार्ड ब्लॉक्ड" असेल तर कीबोर्डवरचं विमानाचं बटण किंवा बाजूची खुंटी. तुझ्या आउटपुटमध्ये दोन्ही "नो" आहे, पुढे जाऊ.

सेक्युअर बूटचा (ओळखीची सही नसलेलं सॉफ्टवेअर अडवणाऱ्या व्यवस्थेचा) प्रश्न तुला आतल्या ड्रायव्हरमुळे येणार नाही, कारण ते मॉड्यूल कर्नेलबरोबर सही करून येतं. ज्यांना बाहेरचाच ड्रायव्हर लागतो त्यांना मात्र तो मॉडप्रोबने चालू करायला गेल्यावर "की वॉज रिजेक्टेड बाय सर्व्हिस" असं तोंडावर ऐकावं लागतं. मॉड्यूल बांधलं गेलंय, पण सहीची किल्ली मशीनला ओळखीची नाही. डीकेएमएस बसवताना उबुंटू एक पासवर्ड मागतं आणि पुढच्या बूटला निळा पडदा येतो. तिथे "एनरोल मॉक" निवडून तो पासवर्ड द्यायचा असतो. घाबरून "कंटिन्यू बूट" दाबलं की किल्ली नोंदवलीच जात नाही. तो निळा पडदा म्हणजे मशीन मेलं, अशा समजुतीने रात्री अकराला फोन करणारे मला ठाऊक आहेत.

आता या चिपचं खरं दुखणं, म्हणजे वायफाय आलं तरी त्रास देऊ शकेल ते. वीज वाचवण्यासाठी ती डुलकी घेते आणि कधी कधी उठत नाही. डीमेसेजमध्ये "फेल्ड टू लीव्ह एलपीएस स्टेट" अशा ओळी येतात, नेट दहा मिनिटांनी थांबतं, वायफाय बंद-चालू केलं की परत सुरू. आधी नेटवर्क मॅनेजरची बचत बंद करून पाहा: /ईटीसी/नेटवर्कमॅनेजर/कॉन्फ.डी मधल्या पॉवरसेव्हच्या फाइलमध्ये ३ च्या जागी २ लिही. हो, २ म्हणजे बंद. शून्य म्हणजे बंद नव्हे, यात भलेभले फसतात. तेवढ्याने भागलं नाही तर मॉडप्रोब.डी मध्ये नवी फाइल करून एक ओळ टाक:

ऑप्शन्स आरटीडब्ल्यू८८_पीसीआय डिसेबल_एएसपीएम=१

बॅटरी थोडी कमी पुरेल. माझ्या हाताखालून गेलेल्या अशा बऱ्याच मशीनवर ही एक ओळ पुरली आहे. दोन्ही उपाय एकदम लावू नकोस, नाहीतर कशाने बरं झालं ते कळणार नाही आणि पुढच्या अपडेटला दोन जुनी औषधं घेऊन बसशील. ब्लॅकलिस्टच्या फाइलीने काय केलं ते पाहिलंसच. मी तर अशा फाइलीत वर हॅश टाकून तारीख आणि कारण लिहून ठेवतो.

हेडफोन लावला की वायफाय मंदावतं, असं जाणवलं तर तो बिघाड नाही. ही चिप एकाच अँटेनाची, आणि ब्लूटूथ व २.४ गिगाहर्ट्झचं वायफाय तिच्यातच वाटा मागतात. राउटरचं ५ गिगाहर्ट्झचं नेटवर्क निवड. तसंही परळसारख्या दाट वस्तीत २.४ वर एवढी गर्दी असते की संध्याकाळच्या विरार लोकलला बरी म्हणावं. ५ वर काही चॅनेल दिसत नसतील तर "आयडब्ल्यू रेग गेट" देऊन देश ००, म्हणजे "कुठलाही नाही", असा तर नाही ना ते बघ. असेल तर "सुडो आयडब्ल्यू रेग सेट आयएन". ५ गिगाहर्ट्झची बरीच मोठी पट्टी भारतात २०१८ मध्ये विनापरवाना खुली झाली, पण देश ठाऊक नसेल तर कार्ड सावधपणे कमीच चॅनेल वापरतं. घरचा राउटर १३ नंबरच्या चॅनेलवर असला तर तोही याच कारणाने लपू शकतो.

एवढं करूनही तुला कार्ड बदलायचंच असेल, वेग जास्त हवा म्हणून, तर माझी फजिती ऐक. एएमडीच्या लॅपटॉपसाठी मी लॅमिंग्टन रोडवरून इंटेलचं एएक्स२०१ आणलं. कप्प्यात अगदी चपखल बसलं. आणि एलएसपीसीआयमध्ये काही नाही. दोन संध्याकाळी कर्नेलं बदलण्यात घालवल्यावर कळलं की त्या कार्डात वायफायचा अर्धाच संसार असतो, उरलेला इंटेलच्याच प्रोसेसर-चिपसेटमध्ये. तिथे कुठलंच कर्नेल मदतीला येणार नाही. वाचायला हवं होतं, वाचलं नव्हतं. स्वतंत्र चालणारी म्हणजे एएक्स२००, कर्नेल ५.१ पासून, आणि एएक्स२१०, ५.१० पासून. मीडियाटेकचं एमटी७९२१ सुद्धा ५.१२ पासून आत आहे. रिअलटेकचं नवं ८८५२बीई ६.२ पासून, आरटीडब्ल्यू८९ कुटुंबात. कार्ड घेताना विचारायचा प्रश्न एवढाच: याचा ड्रायव्हर माझ्या कर्नेलच्या आत आहे का? ब्रॉडकॉमची जुनी कार्डं स्वस्तात मिळतात, ती नको. त्यांतल्या बऱ्याच जणांना लागणारा बंदिस्त डब्ल्यूएल ड्रायव्हर २०१५ नंतर मूळ घरून पुढे सरकलेला नाही, वितरणं त्याला ठिगळं लावून चालवतात.

यूएसबी डोंगल हा तात्पुरता उपाय म्हणून वाईट नाही. पण काही डोंगल लावल्यावर एलएसयूएसबीमध्ये ०बीडीए:१ए२बी आणि "डिस्क" असं दिसतं, आणि डेस्कटॉपवर सीडीचं चिन्ह येतं. ते बिघडलेलं नसतं. आत विंडोजचा ड्रायव्हर भरलेली खोटी सीडी असते, ती बाहेर काढल्यावरच मागचं वायफाय कार्ड पुढे येतं. यूएसबी-मोडस्विच हे पॅकेज ते काम करतं, कधी सीडीच्या चिन्हावर "इजेक्ट" म्हटलं तरी चालतं. गिरगावात मेहुण्याच्या घरी मी त्या खोट्या सीडीला एकदा अर्धा तास ड्रायव्हर शोधत बसलो होतो.

शेवटची शंका दुकानाबद्दल. त्यांनी झाकण उघडलं होतं, म्हणजे कार्डावरची अँटेनाची बारीक वायर हलली असण्याची शक्यता आहे. तिचं टोक मोहरीएवढं पितळी बटण असतं आणि नखाने दाबलं की टक् आवाज करून बसतं. ड्रायव्हर चालू झाल्यावर राउटरच्या शेजारी बसून पूर्ण रेंज आणि पलीकडच्या खोलीत शून्य असं झालं, तर लॅपटॉप बंद करून ते बटण बघ. रेंज ठीक असूनही काही अडलं तर नवं एलएसपीसीआय, यूनेम -आर (चालू कर्नेलची आवृत्ती) आणि डीमेसेजमधल्या आरटीडब्ल्यूच्या सगळ्या ओळी पाठव, फोटो काढून नको, मजकूर म्हणून.